मुक्या दारांची स्पर्धा

डोंगरांनी आपली वये मोजायला अजून सुरुवात केली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात डोंगराच्या कुशीत मोठे तळे होते. त्याच्या बांधाला दोन दारे होती, एक डावीकडे व एक उजवीकडे. तळे भरू लागले की ती दारे उघडून पाणी नदीत सोडावयाचे, एवढ्या एका गोष्टीवर बांधाखालच्या वस्तीची झोप अवलंबून होती.

दारे माणसांच्या बळाने हलत नसत. प्रत्येक दाराशी एक लाकडी यंत्र होते, आणि त्या यंत्राला आज्ञा देई ती मण्यांची माळ. एक मणी सांगे, "दोर ओढ." दुसरा सांगे, "खुंटी काढ." तिसरा सांगे, "फळी उचल." माळ चढवली की यंत्र एकेक मणी चाचपीत पुढे जाई. माळ नसली की ते नुसते लाकूड.

डाव्या दाराची माळ एका वृद्ध मणिकाराने घडवली होती. ती मुठीत मावे, कारण तेच मणी पुन्हा पुन्हा फिरत. मात्र प्रत्येक फेरीनंतर यंत्र थबके आणि किती फळ्या झाल्या याचा हिशेब करी. उजव्या दाराची माळ एका मणिकारणीची. तिने प्रत्येक फळीला स्वतंत्र मणी दिले होते. ती माळ उचलायला वस्तीतले चार तगडे पुरुष लागत, चढवता चढवता घाम फुटे. पण एकदा चढली की दार झरझर वर जाई.

कोणती माळ श्रेष्ठ, या वादात राज्याचे दोन तट पडले होते. म्हणून राजाने वार्षिक स्पर्धा ठरवली. त्या दिवशी दोन्ही माळा यंत्रांवरून उतरवून मंडपात आणीत, तराजूच्या दोन पारड्यांत ठेवीत आणि दिवसभर वाद चाले. नियम एकच होता. जो आपली माळ पारड्यातून आधी उचलील, तो हरला.

त्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी मणिकार माळ उतरवीत असता तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने डोके वर काढले.

"मणिकारा, आज दोन्ही दारे मुकी करून चाललास?"

"एका दिवसाने काय बिघडते, आजोबा?"

"तळाशी गार पाणी उतरते आहे. वर डोंगरात कुठेतरी आभाळ कोसळले असावे. पाय घालून पाहा."

मणिकाराने पाय घातला. गारठा थेट पोटरीत चढला. बांधाखालच्या वस्तीत त्याची मुलगी बाळंतीण होती. क्षणभर त्याचा हात थांबला. पण मंडपात नगारा वाजला आणि तो निघाला.

वाद रंगला. "काय हो, तुमची माळ घरी न्यायला बैलजोडी सांगितली आहे ना?" मणिकाराने टोला दिला.

"आणि तुमचे यंत्र अजून पहिलीच फळी मोजते आहे, की झोप लागली त्याला?" मणिकारीण म्हणाली. मंडप हसला. राजाही हसला.

मणिकाराला मात्र हसू आले नाही. त्याचे पाय अजून गार होते. त्याची नजर मंडपाच्या खांबावर गेली. मुंग्यांची काळी रांग, तोंडात पांढरी अंडी धरून, वर चढत होती. त्याने समोर पाहिले. मणिकारीणही त्याच खांबाकडे पाहत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

दोघांच्या नजरा भेटल्या. पूर येतो आहे, हे दोघांनाही समजले होते. दोघांचेही हात आपापल्या पारड्याजवळ गेले, आणि तेथेच राहिले. 'तिने आधी उचलावी,' तो मनात म्हणाला. 'याने आधी उचलावी,' असे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. मुंग्या वर वर जात राहिल्या.

मग जमीन गुरगुरली.

आता कोण हरले हे पाहायला कोणी उरले नाही. मणिकार माळ मुठीत आवळून धावला. त्याची माळ चटकन चढली. पण पाण्याच्या दाबाखाली यंत्र कण्हू लागले, एकेक फळी उचलून थबकू लागले, हिशेब करू लागले. पलीकडे तिची माळ अजून चढतच होती.

"उभे काय राहिलात? हात द्या!" ती ओरडली. तो बांधावरून धावत गेला. पायांखाली माती लोण्यासारखी सरकत होती. त्याने आयुष्यात प्रथमच तिच्या माळेला हात लावला.

उजवे दार झरझर उघडले, डावे कण्हत उघडले. बांध वाचला, पण त्याचा एक कोपरा तोवर खचला होता, आणि तेथून सुटलेले पाणी थेट वस्तीवर गेले होते.

मुलगी त्याला टेकडीवर भेटली. बाळ तिच्या छातीशी होते.

"मुंग्या चढताना दिसल्या, म्हणून आम्हीही चढलो, बाबा."

"सगळे?"

"सासूबाईंना चालवत नव्हते. त्यांना उचलून आणायला पुरुष हवे होते. आमचे हे आणि बाकीचे तिघे ती जड माळ घेऊन तुमच्या मंडपात गेले होते."

खाली, जेथे घर होते, तेथे गढूळ पाणी गोल फिरत होते. मुलीने बापाच्या आवळलेल्या मुठीकडे पाहिले.

"जिंकले कोण, बाबा?"

मणिकाराने मूठ उघडली. ती रिकामी होती. त्यानंतर त्या राज्यात माळ यंत्रावरून कधीही उतरली नाही, आणि ज्याला तिची परीक्षा पाहावयाची असेल त्याला भरल्या तळ्याच्या काठी जावे लागे.

तात्पर्य: साधन ज्या कामासाठी घडवले ते काम थांबवून त्याची थोरवी मोजत बसू नये, वाद मिटेपर्यंत संकट वाट पाहत नाही.