धाकू ताऱ्याचा बांधलेला हात

आमच्या कातळबेटावर वल्हं मारता न येणारा एक माणूस दाखवा, मिशी उतरवतो. थांबा, वस्तरा आणू नका. एक आहे. तोच तुम्हाला ही गोष्ट सांगतोय.

घाटावर तो दावं गुंडाळलेला दगडी खांब दिसतो ना, त्याची ही हकिकत. चहूकडे नदी, मध्ये अकरा घरं आणि होडी एकच, धाकू ताऱ्याची. तारी म्हणजे नावाडी; माणसांना पार नेणं-आणणं त्याच्याकडे. म्हणे, वल्ह्याला तो कुणाला शिवू देत नसे. बायको येसू वीस वर्षं म्हणत होती, "मला शिकवा." तो हसायचा, "नदी माझाच हात ओळखते गं."

एका श्रावणात पाणी चढलं. सकाळी पायरीशी होतं, दुपारी गोठ्यात शिरलं. आणि धाकू नेमका शेवाळावरून घसरला. उजवा खांदा निखळला. अकरा घरं त्याच्या तोंडाकडे बघत उभी. येसूनं पोरं नि म्हातारी माणसं होडीत घेतली, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि वल्हं उचललं.

"आता सांगा."

धाकूनं तोंड उघडलं, मिटलं. असं सांगतात, की त्याच्या हाताला सगळं येत होतं, तोंडाला काहीच येत नव्हतं. "अशी... नव्हं, तशी..." येसूनं होडी सरळ समोरच्या काठावर घातली. धारेनं ती आडवी केली. पाणी आत आलं, पोरं किंचाळली.

"बोलू नका!" येसू ओरडली. "डावा हात ठेवा माझ्या हातावर!"

त्यानं ठेवला, दाबला. तेव्हा तिला उमगलं: होडीचं नाक वर, धारेकडे धरायचं, पलीकडे नदीच सरकवत नेते. होडी काठाला लागली.

दुसऱ्या खेपेला येसूनं शेजारणीचा हात वल्ह्यावर घेतला, तिसऱ्या खेपेला दिराचा. पाचव्या खेपेपर्यंत तिचे तळवे सोलवटले, पण तोवर वल्हं मारणारे चौघे झाले होते. बेटावर कोंबडंसुद्धा मागं राहिलं नाही म्हणे.

आजही दर श्रावणात त्या दिवशी बेटावरचा सगळ्यांत जुना तारी खांबावरच्या दाव्यानं आपला उजवा हात कमरेला बांधून घेतो. बेटावर नवं आलेलं माणूस, सून असो की मास्तर, वल्ह्याला बसतं. त्याच्या हातावर ताऱ्याचा डावा हात. बोलायचं नाही.

यंदा नवी सून तुळसा होडी लावून वर आली. मी नेहमीसारखा वल्हं टाळायला खांबाशी खांदा चोळत, कण्हत बसलेलो. म्हटलं, "पोरी, होडी चालवलीस की म्हैस धुतलीस?"

कपाळावरचं पाणी पुसत ती म्हणाली, "उद्या पूर आला, तर पलीकडे काय गोष्टीत बसून जाणार, आजोबा?"