झिपरू पाटकऱ्याची पाळी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं, ते मला विचारू नका. उंबरवेढ्यात तीन म्हातारे भेटले तर चार आकडे सांगतात आणि पाचव्यावर भांडतात. एवढं मात्र सगळे कबूल करतात, की तेव्हा उंबरवेढं हे गाव होतं, शहर तिथून तीन कोसांवर होतं, आणि गावात झिपरू नावाचा पाटकरी होता.

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. तिथून पाट निघायचा, तेरा वळणं घ्यायचा आणि शिवाराच्या टोकापर्यंत जायचा. शिवाराचे चार मोठे तुकडे होते, त्यांना फड म्हणत. एका फडात पन्नास जणांची वावरं असली तरी पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं. या साली गहू म्हणजे सगळ्यांचा गहू, पुढच्या साली ऊस म्हणजे सगळ्यांचा ऊस. वावर ज्याचं त्याचं, पण त्यात काय पेरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आज हे कोणाला सांगितलं तर तो म्हणतो, मग मालक कसला? तेव्हा हा प्रश्न कोणाला सुचत नव्हता.

झिपरू पाटकरी कसा होता? उंच, वाळका, पायाला कायम चिखल. गावानं त्याला बंधाऱ्यावर उभं करून शपथ दिली होती, की शेवटच्या वावरापर्यंत पाणी नेईन. असं म्हणतात, की तो पाटात पाय बुडवायचा आणि पाणी कोणाच्या वावरात पोचलं ते तिथूनच सांगायचा. असंही म्हणतात, की त्यानं हाक मारली की पाणी चढावर दोन हात चढायचं. हे मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी सांगितलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती. निदान इतर बाबतींत तरी नव्हती.

पाण्याची पाळी आली की झिपरू वावराच्या बांधावर उभा राहायचा आणि विचारायचा, “पाळी लेशी का?” ही तिथली अहिराणी. म्हणजे, पाळी घेशील का? मालक म्हणायचा, “लेसू.” घेईन. मग झिपरू फावड्यानं दारं, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, फोडायचा आणि पाणी आत जायचं. नाही म्हणायची सोयच नव्हती. घरात मयत झालं, माणूस गावाला गेला, तरी पाळी चुकायची नाही. त्याच्या जागी झिपरू स्वतः दारं धरायचा. सुतक माणसाला असतं, वावराला नसतं, असं तो म्हणायचा.

मग शहर यायला लागलं. तीन कोसांवरचं दोन कोसांवर आलं, मग एका कोसावर. पहिलं वावर विकलं हिलाल पाटलानं. त्याला नावं ठेवू नका. घरात पाच भाऊ, वावराचे पाच तुकडे, आणि शहरातली माणसं एका तुकड्याला जे द्यायला तयार होती त्यात पाचही भावांचे संसार उभे राहत होते. तुम्ही-आम्ही त्याच्या जागी असतो तर आदल्या दिवशीच विकलं असतं.

त्या वावरात मोजणीवाले आले आणि त्यांनी ओळीनं दगड रोवले. दगडांची डोकी तांबड्या रंगानं रंगवलेली. झिपरूनं ते पाहिलं आणि तो बुचकळ्यात पडला. त्या फडात त्या साली गहू ठरला होता. त्यानं हिलाल पाटलाला विचारलं, की नव्या मालकांना कोणी सांगितलं नाही का, यंदा गहू आहे म्हणून? हिलाल पाटील नुसता हसला. झिपरूला वाटलं, शहरातली माणसं नवी आहेत, शिकतील हळूहळू.

त्या दगडांमधला एक प्लॉट होता दिगंबरपंतांचा. दिगंबरपंत तार ऑफिसात नोकरीला होते. आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला माणूस, आता स्वतःचं घर बांधायला निघाला होता. त्यांनी पाया खणून घेतला आणि ते रजा संपली म्हणून परत गेले. इकडे पाळी आली. झिपरू फावडं घेऊन उभा राहिला, त्यानं विचारलं, “पाळी लेशी का?” उत्तर द्यायला कोणी नाही. चर मात्र छान खणलेले. झिपरूला फार बरं वाटलं, की माणूस जाण्याआधी पाण्यासाठी चाऱ्या काढून गेला. मालक गावाला गेला तर पाटकऱ्यानं दारं धरायचं हा नियमच होता. त्यानं दारं फोडलं आणि दुपारपर्यंत उभं राहून पंतांचा पाया काठोकाठ भरला. वर जास्तीचं म्हणून थोडं पाणी दिलं, कारण जमीन फार तापलेली दिसत होती.

रविवारी पंत आले. पायाच्या भिंती आत ढासळल्या होत्या आणि त्यात बेडकं बसली होती. पंतांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हे कोणी केलं, असं विचारल्यावर झिपरू लगेच पुढे झाला. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं.

“तुनी पाळी व्हती,” तो म्हणाला. “तू नव्हता म्हनीसन मी दारं धरं.”

त्या भागात कोणालाही ‘तू’ म्हणतात, त्यात अपमान नसतो. पण पंत आधीच चिडलेले, त्यात हे. ते म्हणाले, “अहो, मला पाणी नको आहे. मी शेत घेतलेलं नाही, जागा घेतली आहे.”

जागा म्हणजे काय ते झिपरूला कळेना. वावरातून पाणी काढलं, पीक काढलं, तर खाली जे उरतं ते विकत घ्यायला माणूस इतक्या लांबून येतो? आणि पंतांना हे कळेना, की पाया बुडवणारा माणूस एवढ्या मायेनं का बोलतोय. शेवटी झिपरूनं भीत भीत विचारलं, की तुला पाळी नको तर ती तू दिली कोणाला? पंतांना प्रश्नच समजला नव्हता.

पुढं एकामागून एक वावरं गेली. चार फडांत मिळून नऊ-दहा जणांचीच शेती उरली, आणि सगळ्यांत शेवटचं वावर होतं बजाबाईचं. बजाबाई एकटी विधवा, शिवाराच्या टोकाला राहायची. तिचं सगळं त्या गव्हावर होतं. आणि एके दिवशी रस्ता करणाऱ्यांनी बंधाऱ्यापासून खाली पाट मुरमानं बुजवला. सकाळी पाट होता, दुपारी नव्हता.

बजाबाई झिपरूकडे आली. ती रडली नाही. ती म्हणाली, “झिपरू भाऊ, मना गहू पोटरीमा शे. आठ दिनमा पानी नही उनं ते गया समज.” गव्हाची ओंबी अजून बाहेर पडायची होती.

“लई येसू, माय,” झिपरू म्हणाला. घेऊन येईन. बोलून तर बसला, पण आणणार कुठून?

आधी त्याला एक गोष्ट समजून घ्यायची होती. पाट विकला कोणी? विकणारा सापडला तर त्याच्या हातापाया पडता आलं असतं. तो हिलाल पाटलाकडे गेला. हिलाल म्हणाला, “मी मनं वावर इकं. पाट नही इका.” दुसऱ्याकडे गेला, त्यानंही तेच सांगितलं. गावातल्या ज्यानं ज्यानं जमीन विकली त्या प्रत्येकाच्या दारात तो उभा राहिला. प्रत्येकानं आपापल्या बांधापर्यंतचंच विकलं होतं, एक वीतही जास्त नाही. देवाची शपथ घेऊन सांगत होते आणि खरंच सांगत होते.

“कोनीच नही इका, मग गया कोठे?” झिपरू विचारायचा.

तो तलाठ्याकडे गेला. तलाठी बरा माणूस होता, त्यानं सगळे कागद उलगडून दाखवले. पाट कोणाच्याच नावावर नव्हता. त्याच्या नावाची रेघसुद्धा त्या कागदावर नव्हती.

“जे कोणाच्या नावावर नाही ते नाहीच म्हणायचं,” तलाठी म्हणाला.

झिपरू म्हणाला, की नदी कोणाच्या नावावर आहे? पाऊस कोणाच्या नावावर आहे? तलाठ्यानं कागद गुंडाळले. असं म्हणतात, की त्या दिवशी त्यानं बायकोला विचारलं, अगं, आपल्या अंगणातला वारा कोणाच्या नावावर असेल? आणि तिनं त्याला झोपायला सांगितलं.

सात दिवस झिपरू असा फिरला. त्याला राग कोणाचाच येत नव्हता, कारण चूक कोणाचीच सापडत नव्हती. हेच त्याचं मोठं दुःख होतं. एका माणसानं वाईट केलं असतं तर त्याला धरता आलं असतं. इथं सगळ्यांनी आपलं आपलं नीट केलं होतं, आणि बजाबाईचा गहू वाळत होता.

आठव्या दिवशी सकाळी तो बंधाऱ्यावर गेला. त्यानं अंघोळ केली, फावडं खांद्यावर घेतलं आणि पाटाच्या तोंडचा मुरूम ओढून काढला. मग पाण्याकडे पाठ करून तो चालायला लागला. पुढचं मी सांगतो ते ऐका, मग हवं तर हसा.

असं म्हणतात, की पाणी त्याच्या टाचेमागे निघालं. खाली पाट नव्हता, रस्ता होता. तरी ते पसरलं नाही, मुरलं नाही. हातभर रुंदीची धार झिपरू जाईल तिकडे जात होती. पाटानं जिथं वळणं घेतली होती तिथं झिपरू वळायचा, आणि पाणी वळायचं. अशी तेरा वळणं. मधे कोणाची भिंत आली तर तो भिंतीला हात लावायचा आणि तिलाही पाळी विचारायचा. असं म्हणतात, की एका घरात ते पाणी पुढच्या दारानं शिरलं, स्वयंपाकघरातून गेलं आणि मागच्या दारानं निघालं, पण चुलीतला निखारा विझला नाही.

प्रत्येक प्लॉटसमोर झिपरू थांबत होता. “पाळी लेशी का?”

शहरातून आलेल्या माणसांना काय उत्तर द्यावं ते कळत नव्हतं. कोणी विचारलं, कसली पाळी? कोणी म्हणालं, आमच्याकडे नळ येणार आहे. त्यांच्यासमोर पाणी थबकायचं आणि जागच्या जागी उंच व्हायला लागायचं, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं. मग शेजारचा घाबरून ओरडायचा, “अहो, हो म्हणा!” ते हो म्हणायचे, आणि पाणी पुढे सरकायचं. हिलाल पाटील रस्त्यात उभा होता. त्याच्याकडे आता वीतभर जमीनही नव्हती. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि कोणी विचारायच्या आत म्हणाला, “लेसू.”

दिगंबरपंतांचं घर तोवर निम्मं झालं होतं. झिपरूनं त्यांना विचारलं तेव्हा पंतांनी आपल्या नव्या भिंतीकडे पाहिलं, मग त्या पाण्याकडे पाहिलं. अजूनही त्यांना काही समजलेलं नव्हतं, हे त्यांनी पुढं मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. पण ते म्हणाले, “लेसू.” आणि वहाणा काढून ते झिपरूच्या मागून चालायला लागले. त्यांच्यामागून बाकीचे.

भर दुपारी पाणी टोकाला पोचलं. बजाबाई बांधावर उभी होती. झिपरूनं तिलाही विचारलं, नियम म्हणजे नियम. तिनं मान हलवली. दारं फुटलं. भेगाळलेल्या जमिनीत पाणी शिरलं तशी ती मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “पानी उनं!” पाणी आलं. पुढचे लोक तेच शब्द मागच्यांना सांगत गेले आणि ते बंधाऱ्यापर्यंत पोचले.

झिपरू पाण्यामागून गव्हात शिरला, शेवटचा वाफा भरला का ते बघायला. तो बाहेर आला नाही. लोकांनी सगळं वावर पायाखाली घातलं. वाफा भरलेला होता आणि पलीकडच्या बांधात फावडं उभं रोवलेलं होतं. कोणी म्हणतं, तो पाण्याबरोबर जमिनीत उतरला. कोणी म्हणतं, तो पलीकडून निघून लेकीकडे गेला. त्याला लेक होती का, यावरही एकमत नाही.

बजाबाईचा गहू त्या साली आला. पुढं तिच्या वारसांनी ते वावर विकलं, खोटं कशाला सांगू? आज तिथं तीन मजली घरं आहेत, बंधारा गाळानं भरलाय, आणि उंबरवेढं शहराच्या पोटात कुठं आहे ते विचारत विचारत जावं लागतं.

पण तिथं एखादं घर विकलं गेलं, की कागद झाल्यावरही नव्या मालकाला आत जाऊ देत नाहीत. पहिल्या घरातलं माणूस तांब्याभर पाणी घेऊन दुसऱ्याच्या दारात जातं आणि विचारतं, पाळी लेशी का? दुसरा ‘लेसू’ म्हणतो, घोटभर पितो, तांब्या भरून तिसऱ्याकडे जातो. तमिळ बोलणारे म्हणतात, गुजराती बोलणारे म्हणतात, अहिराणीचा दुसरा शब्द ज्यांना येत नाही तेही म्हणतात. ही कसली पाळी, ती घेतली म्हणजे काय घेतलं, असं नवा मालक विचारतो. कोणी सांगू शकत नाही. मग तोही आपल्या पाळीला ‘लेसू’ म्हणतो आणि तांब्या पुढे देतो. शेवटच्या घरातून ‘पानी उनं’ अशी हाक आली, की त्याला दार उघडता येतं.

शेवटच्या घराला कधीकधी कुलूप असतं. एकदा तिथली माणसं सकाळीच लग्नाला गेली होती, ती दिवस मावळताना परतली. तोवर सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती, आणि नवा मालक हातात किल्ली घेऊन स्वतःच्या दाराबाहेर उभा होता, टोकाकडून ‘पानी उनं’ ऐकू येण्याची वाट बघत.