विद्येच्या शहरात गोरोबामामा

एका गावात एक भोळा मामा होता. तसा तो सगळ्याच गावांत असतो, पण हा गोरोबामामा सांगितलेलं सगळं ऐकायचा. तिथंच घोटाळा होता. न ऐकणारा माणूस निदान स्वतःच्या डोक्यानं चुकतो.

त्याची भाची शलाका विलायतेत शिकत होती. गोगलगाईंवर पाच वर्षं अभ्यास करून आता ती डॉक्टर होणार होती. शहर फार जुनं. पुण्याला न विचारता तेही स्वतःला विद्येचं माहेरघर म्हणवतं. नाव सांगत नाही, उगाच बोभाटा नको. समारंभाला शलाकाची आई आणि मामा असे दोघं जायचे होते, पण ऐन वेळी आई पाय मोडून बसली. तिला मामा आक्का म्हणायचा.

"गोरोबा, बाप नाही पोरीला," आक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "तिला पदवी देताना घरचं कुणीतरी बघाया पाहिजे. डोळे भरून बघ, आन् बाहेर आलास की मला फोन कर. आन् तिथं शलाका सांगंल तसं वाग."

"वागतो की," मामा म्हणाला. आणि वागला.

पहिल्या दिवशी शलाकानं त्याला आपलं कॉलेज दाखवायला नेलं. चारी बाजूंना दगडी इमारती आणि मधोमध हिरवंगार गवत. एवढं गवत आणि एकही म्हैस नाही, याचं मामाला वाईट वाटलं. तो मधोमध मांडी घालून बसला आणि फडकं सोडून धपाटे खाऊ लागला. गोल टोपीवाला दरवान धावत आला आणि काठावरच थांबून हातवारे करू लागला. गवतावर पाय ठेवायची परवानगी त्यालाही नव्हती. तिथं फक्त प्राध्यापकांनी चालायचं, आणि प्राध्यापक काही चालायला जात नाहीत.

शलाकानं मामाला खुणा करकरून बाहेर काढलं.

"मामा, इथं हिरव्यावर पाऊल टाकायचं नाही. लक्षात ठेवा."

"ठेवलं."

दुसऱ्या दिवशी ती दोघं भर चौकात आली. सिग्नलवर हिरवा माणूस लागला. सगळे निघाले, मामा थांबला. लाल लागला. सगळे थांबले, मामा निघाला. एक दुमजली बस, तीन मोटारी आणि सायकलवरचे अकरा विद्यार्थी करकचून थांबले. इंग्रज लोक मोठे सभ्य. चिरडता चिरडता राहिलेल्या मामाचीच सगळ्यांनी माफी मागितली.

"मामा, लाल असताना निघालात?"

"हिरव्यावर पाऊल टाकू नका म्हणालीस की."

शलाकानं कपाळाला हात लावला. "अहो, चार माणसं काय करतात ते बघायचं. पुढचा उभा असला की त्याच्या मागं उभं राहायचं. पुढचा हलला की मग आपण हलायचं."

"आत्ता कसं कळलं," मामा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शलाकाला ग्रंथालयात काम होतं. मामा अंगणात राहिला. तिथं झगा घातलेला एक गृहस्थ पाठमोरा उभा होता. मामा त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. तास झाला. गृहस्थ हलेना, म्हणून मामाही हलेना. तेवढ्यात एक साहेब आला आणि मुकाट मामाच्या मागं उभा राहिला. मग त्याच्या मागं एक बाई. रांग कशाची आहे हे विचारणं त्या देशात फार असभ्य समजतात. शलाका बाहेर आली तेव्हा सतरा माणसं उभी होती. शेवटचे दोघे तर खुशीत होते. आज गर्दी कमी आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मामा, अहो तो पुतळा आहे!"

"पुढचा हलला नाही, तर मी कसा हलू?"

"कुणी इतका वेळ हललं नाही तर जरा हात लावून बघावं माणसानं, जिवंत आहे की दगड!"

"हे आधी सांगायचं की गं."

चौथ्या दिवशी शलाकानं त्याला आपल्या सरांच्या भेटीला नेलं. सर पंच्याऐंशीचे. बागेतल्या बाकावर डोळे मिटून बसले होते. विचारात होते की झोपेत, कोण जाणे. विद्वानांचं बाहेरून कळत नाही. शलाका चहा आणायला गेली. मामानं बराच वेळ वाट पाहिली. मग बोटानं सरांचा गाल दाबून पाहिला. गाल मऊ लागला. खात्रीसाठी त्यानं नाक धरून ओढलं. सर किंचाळले आणि बाकावरून खाली गडगडले. एवढ्या थोर माणसाला आपण पाडलं, या विचारानं मामाला रडू कोसळलं. त्यानं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो उठेचना. त्यामुळं सरांनाही उठता येईना.

शलाका कप टाकून धावली. सरांना बसतं करून तिनं त्यांची दहा वेळा माफी मागितली आणि मग मामाकडं वळली.

"माणूस खाली दिसला की आधी हाताला धरून उठवायचं, मामा! पाया मागून पडायचं!" तिचे डोळे भरून आले. "पाच वर्षं घासलीत मी. उद्या काही झालं तर आईला काय सांगू?"

मामाला फार लागलं ते. "रडू नको पोरी. आधी उठवायचं, पाया मागून. उद्या चूक होणार नाही."

पाचव्या दिवशी समारंभ. मामा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला. मंचावर लाल झग्यात नव्वदीचे कुलपती. तिथली रीत अशी, की विद्यार्थ्यानं त्यांच्यापुढं गुडघे टेकून हात जोडायचे आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवून लॅटिन मंत्र म्हणायचा; मंत्र संपला की तो डॉक्टर. लॅटिन कुणालाच कळत नाही, म्हणून त्याला फार मान. कुलपती तर तो डोळे मिटूनच म्हणत.

पहिलंच नाव शलाकाचं. मामाचा ऊर भरून आला. शलाका डौलात पुढं गेली, आणि एकदम खाली बसली.

"पडली पोरगी!" मामा ओरडला. तीन ढांगांत मंचावर पोचून त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि बाजूला सारलं. उठवून झालं. आता पाया पडायचं राहिलं होतं. मामानं कुलपतींपुढं गुडघे टेकले आणि हात जोडले. कुलपतींनी फेट्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून मंत्र संपवला.

मग परंपरा म्हणून टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं. पदवी कशी द्यावी याची त्यात चारशे पानं होती. चुकून दिलेली परत कशी घ्यावी, याचं एकही नव्हतं. तेव्हा शलाकाला रांगेत सगळ्यांत शेवटी उभं केलं आणि मामाला नव्या डॉक्टरांच्या दारानं बाहेर काढलं. ते दार समारंभ संपेपर्यंत पुन्हा उघडत नसे.

बाहेर आल्यावर फोन करायचा होता. मामानं केला.

"गोरोबा," आक्कानं विचारलं, "पोरगी डॉक्टर झाली का रे?"

"तिचं काही माहीत नाही, आक्का," मामा म्हणाला. "मी झालो."