हरवलेला किलोमीटर

ठक्!

डोलीच्या दांड्याला टेकूची काठी लागली की हा आवाज व्हायचा. धाकलू झोरेने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो बापामागून गड चढत होता. ठक् झालं की विसावा आला, बापाचा खांदा मोकळा झाला, एवढं त्याला तेव्हाच कळलं होतं. पुढे चाळीस वर्षं त्याने स्वतः डोली वाहिली. आणि आता सावरीच्या विसाव्यावरचा हा आवाज कायमचा बंद होणार होता.

कारण राजेसाहेबांनी यंत्र आणलं होतं!

मानाजीराजे गडावरच्या देवस्थानाचे प्रमुख. राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, हट्ट मात्र जागच्या जागी होता. यंत्र मुठीत मावेल एवढं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते आपण कुठे आहोत ते सांगायचं आणि किती चाललो तेही मोजायचं. राजे ते हातात धरून धाकलूच्या डोलीतून गड चढले आणि वर पोचताच गरजले, "तीन किलोमीटर! आणि विसावे चार? किलोमीटरला एक विसावा असा देवस्थानाचा नियम आहे. सावरीच्या विसाव्याचा ओटा परवा फोडा!"

सावरीचा विसावा शेवटच्या चढाखाली. तिथे दम घेतला नाही तर धाकलूचा गुडघा वर पोचायचा नाही, आणि गुडघा पोचला नाही तर डोली सुटली. तो गुडघा चोळत घरी आला. हे ऐकलं त्याच्या लेकीने, सगुणाने. ती तडक राजांच्या बंगल्याच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. मागोमाग धाकलू लंगडत आला.

"सरकार, वाट चार किलोमीटरची आहे. तुमच्या यंत्राने एक हरवला."

"हरवला?" राजांनी मिशीवर हात फिरवला. "मग शोधून आण की! उद्या दिवस मावळायच्या आत तो किलोमीटर माझ्या पायाशी आणून ठेव. नाही आणलास तर ओटा तुझ्या बापानेच फोडायचा!"

धाकलूने लेकीचा दंड धरला. "पोरी, किलोमीटर काय शेळी आहे का, रानातनं हाकून आणायला?"

"आबा, तुम्ही गुडघा शेका." मग ती राजांकडे वळली. "आणते, सरकार. पण उद्या कारभाऱ्यांना माझ्याबरोबर पाठवा. आणि तुमचं यंत्र शून्यावर आणून दिवसभर या मेजावर चालू ठेवा. कुणी हात लावायचा नाही."

"मी स्वतः राखणीला बसतो!" राजे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजे खरंच मेजापाशी बसले. जेवले तिथेच, घोरलेही तिथेच. धाकलू पायरीवर बसून वाटेकडे बघत राहिला.

ऊन कलल्यावर सगुणा आली. डोक्यावर सुतळीचं भलंमोठं भेंडोळं. मागून कारभारी विनायकपंत आले, धोतराला कुसळं आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले.

"पायथ्यापासून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत वाटेवर सुतळी अंथरली, सरकार. वळण तिथे वळवली, चढ तिथे चढवली. शंभर मीटरला एक गाठ. देवस्थानाच्याच फितीने मोजली."

"सैल टाकली असशील!"

"नाही हो, सरकार!" पंत कळवळून म्हणाले. "एकूण एक वळणावर हिने मला वाकायला लावलं. कंबर धरलीये!"

सगुणाने सुतळी उलगडत तिसावी गाठ गाठली आणि विळ्याने कापली. "ही तुमच्या यंत्राची वाट." उरलेल्या सुतळीत दहा गाठी होत्या. तिचा गुंडा करून तिने राजांच्या पायाशी ठेवला.

"आणि हा तुमचा हरवलेला किलोमीटर. गुंडाळून आणलाय, नीट सांभाळा!"

राजे गुंड्याकडे बघतच राहिले. "पण होता कुठे हा?"

"वळणांत. तुमच्या यंत्राच्या पडद्यावर कालची रेघ आहे ना, ती काढा. सावरीखाली वळणं सात, रेघेत किती?"

राजांनी डोळ्यांना चष्मा लावला. "दोन."

"यंत्र एकसारखं बघत नाही, सरकार. थांबून थांबून डोळे उघडतं, आणि मागच्या जागेपासून पुढच्या जागेपर्यंत सरळ रेघ ओढतं. दाट झाडीत तर त्याला धड दिसतही नाही. त्या रेघेवरनं डोली न्यायची तर आबांना पंखच फुटायला हवेत!"

"माझं यंत्र झोपतं म्हणतेस?"

"डोलीत तुम्ही नाही का झोपत? पहिल्या वळणावर डोळे उघडता, मग एकदम पाचव्यावर. मधली तीन वळणं तुमच्यापुरती नव्हतीच. आबांच्या गुडघ्याला विचारा, होती की नाही!"

पंतांनी हसू लपवायला कुसळं काढायला घेतली. राजांचे कान लाल झाले. "जीभ फार चालते तुझी! चुकलं असेल वळणांवर थोडंफार. पण यंत्र ते यंत्र. उगाच काही सांगणार नाही!"

"बरं. मग आज दिवसभर ते किती चाललं?"

"कुठे चालणार? माझ्या नाकासमोर होतं मेजावर!"

"बघा तरी."

राजांनी यंत्र उचललं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सहाशे चाळीस मीटर?"

"जागच्या जागी बसून!" सगुणा म्हणाली. "दर वेळी त्याला वाटलं आपण थोडे इकडे आहोत, मग वाटलं थोडे तिकडे आहोत. तेवढंही चालणं धरलं त्याने. आबा चालले तेव्हा ते झोपलं, सरकार, आणि तुम्ही झोपलात तेव्हा ते फिरायला गेलं!"

राजांनी एकदा यंत्राकडे, एकदा सगुणाकडे पाहिलं. मग राजे असे हसले की मेजावरचा तांब्या लवंडला! डोळे पुसत त्यांनी आपली शाल सगुणाच्या खांद्यावर टाकली. "पंत, लिहा! सावरीचा ओटा राहील. त्याच्यावर छप्पर घाला, पाण्याचा रांजण ठेवा. आणि तो गुंडा देवस्थानाच्या कपाटात ठेवा. पुन्हा कुणी यंत्र आणलं तर आधी तो दाखवा!"

पुढच्या सोमवारी राजे पुन्हा डोलीत बसले. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. प्रत्येक वळणावर ओठ हलत होते, मोजत होते. सावरीच्या विसाव्याला धाकलूने खांदा सोडवला.

ठक्!

राजे खाली उतरले. त्यांनी धाकलूच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग वरच्या चढाकडे. यंत्र खिशात टाकलं, धोतराचा सोगा खोचला, आणि पायीच चढू लागले.