धनेशाच्या ढोलीतली राजकन्या

एका राज्यात रस्ता म्हणून नव्हताच. होती ती घनदाट अरण्यातून वाहणारी नदी. वराती होडीतून निघत, भांडणंही होडीतच होत. तिथली एक रीत होती. झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी बुंध्यावर टकटक करायची, "आत कोणी आहे का?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची.

राजा हेमांगद मनाने गोड, पण भारी उतावळा. लाडक्या लेकीला, शालवतीला, नवी नाव हवी म्हणून त्याने काठावरचा जुना वृक्ष तोडायला घेतला. टकटक केली, विचारलं, पण थांबला मात्र नाही. वृक्ष कोसळला आणि ढोलीतली धनेश पक्ष्याची अंडी फुटली.

तो धनेश मोठा मांत्रिक होता. म्हणाला, "राजा, तुझी लेक आता माझ्या नव्या ढोलीत राहील. बळाने काढशील, तर तिचं लाकूड होईल."

शालवती उभ्या जागी नाहीशी झाली. राजा ढसाढसा रडला.

"उःशाप?"

"कामं तीन. मगरीची पिलं पैलतीरी ने. पाणमांजराला हाताने मासा भरव. तिसरं तुझं तू ओळख."

केवडा नावाच्या म्हाताऱ्या नावाडिणीने होडी सोडली. राजाने मगरीची पिलं मुकुटात घालून पार नेली. पाणमांजराने माशासोबत त्याचं बोटही चावलं. राजा हूं की चूं करेना. खूश होऊन पाणमांजराने ढोलीचं झाड दाखवलं.

ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मध्ये बारीकशी फट. फटीतून शालवतीचं गुणगुणणं आलं आणि राजाचा हात कुऱ्हाडीकडे गेला.

"महाराज, रीत," केवडा म्हणाली.

राजाने कुऱ्हाड नदीत टाकली. टकटक केली. "आत कोणी आहे का?"

आणि तो थांबला. ऊन उतरलं, माकडं झोपायला गेली, तरी थांबला.

"आहोत, बाबा," आतून आवाज आला. "मी आहे, धनेशीण आहे, तिची नवी अंडी आहेत. पिलं मोठी होईपर्यंत थांबाल?"

"थांबेन, बाळ."

मग धनेश आणि राजा, दोघे बाप, रोज उंबरं वेचून फटीतून भरवू लागले. एके सकाळी धनेशिणीने आतून लिंपण फोडलं. पिलं उडाली, आणि मागोमाग केसांत पिसं अडकलेली शालवती बाहेर आली. शाप सरला.

राज्य पुन्हा सुखाने नांदू लागलं. राजाचा उतावळेपणा काही पुरता गेला नाही. पण लेकीच्या महालाचं दार मात्र तो आधी वाजवतो, विचारतो, आणि "या बाबा" येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहतो.