परत येणाऱ्या बाटल्या

जुन्या काळी घाटमाथ्यावर चोवीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. थंडी अशी, की भात तिथं यायला तयार नसे, जव मात्र हौसेनं येत. मग गावानं जवाशीच सोयरीक केली. सकाळी जवाची पेज, दुपारी जवाची भाकरी आणि देवीच्या जत्रेला घरी केलेली जवाची बिअर.

दरवर्षी एका घराची पाळी असे. त्या घरानं जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, डोंगरातला कडू पाला घालून उकळायचे आणि रांजणात आंबवायचे. मग चोवीस बाटल्या भरायच्या, पहिली देवीपुढे उघडायची आणि घरोघर एकेक पोचवायची. जत्रा झाली की बाटल्या धुऊन परत येत. अगदी रिकाम्या मात्र येत नसत. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत गावानं बाटलीलाही लावली होती. जो तो आत चिमूटभर जव टाकी आणि ते पाळीवाल्या घराच्या बियाण्यात मिसळले जात.

त्या वर्षी पाळी आली केरबाच्या घरी. केरबा घरजावई. घाटाखालून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. सासरे पावसाळ्यात गेले, आणि आता घरात सासूबाई, बायको चिमा आणि तो. गाव त्याला "जावईबुवा, या, बसा" म्हणे. पण हा मान पाहुण्याचा होता. पाहुण्याला घोंगडी पसरतात, गावकीच्या कामाचा सल्ला विचारत नाहीत. केरबाला ते फार लागे. एकदा तरी गावानं "ही केरबाची बिअर" म्हणावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बिअर त्यानं खरोखर जीव लावून केली. रांजणावर कान ठेवून तो तिचं बुडबुडणं ऐके, आणि चिमा हसून म्हणे, "पाळण्यातल्या पोराला तरी एवढं जपाल का?"

घरात सासऱ्यांच्या चोवीस जुन्या बाटल्या होत्या. पाळी कुणाचीही असो, दरवर्षी बिअर भरायला त्याच नेल्या जात. जाड तपकिरी काच, तोंडाला चिनी मातीचं बूच, ते घट्ट बसवायला तारेची कडी. घासून घासून पोटावर पांढुरके चट्टे पडले होते. केरबाला त्या बघवत नसत. त्यातच एक फेरीवाला आला. त्याच्या पेटीत गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या, सडपातळ, पांढऱ्या स्वच्छ काचेच्या, अंगावर फुलांची वेलबुट्टी.

"आहेत तेवढ्या दे," केरबा म्हणाला. होत्या बाराच. उरलेल्या बारा पुढच्या फेरीला आणतो म्हणून फेरीवाला गेला.

सासूबाईंनी एक बाटली हातात घेऊन तोलली. "जावईबापू, लई हलकी हाय. बाटलीत भरल्यावर बिअर गप बसत न्हाई. आतनं रेटा मारती. जुनी काच तो रेटा सोसती."

"मामी, जुन्या बाटल्या वाटल्या तर लोक म्हणतील, जावई अजून सासऱ्याच्याच जिवावर."

"मग एकच भरून बघा आधी."

पण हौसेपुढे कुणाचं चालतं? केरबानं बाराच्या बारा भरल्या. फेस चांगला यावा म्हणून रीतीप्रमाणं प्रत्येकीत चमचाभर गुळाचं पाणी घातलं, बुचं ठोकून वरून सुतळीनं आवळली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून उन्हाच्या खिडकीत मांडल्या. उन्हात बाटल्या अशा काही चमकल्या की रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. केरबाची छाती फुगली. त्याच भरात त्यानं जुन्या चोवीस बाटल्या गावात वाटून टाकल्या. "न्या हो, आम्हाला आता या भंगाराचं काय?" फुकट मिळालेलं कोण सोडतं? तांबटकाकांनी तेलाला नेल्या, मधवाल्या आत्यानं मधाला, कुणी व्हिनेगराला, कुणी नुसत्याच.

सहाव्या दिवशी दुपारी चिमा त्याच खिडकीखाली पाट टाकून डाळ निवडत होती. आतून आईनं हाक मारली, "चिमे, हंडा धर जरा." ती उठून आत गेली आणि खिडकीत फटाका फुटावा तसा आवाज झाला. एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं दुसरी, मग तिसरी. केरबा परसातून धावत आला तेव्हा भिंतीवरून बिअर ओघळत होती आणि डाळीच्या सुपात काच पसरली होती. चिमाच्या पाटात बोटभर लांब तुकडा उभा रुतला होता.

चिमा आतल्या दारात धडधाकट उभी होती. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून बघितले.

दोन बाटल्या अजून शाबूत होत्या. सासूबाईंनी त्यांच्यावर ओली घोंगडी टाकली आणि आतून हात घालून बुचं सैल केली. फेस जाऊ दिला. त्यातली बिअर केरबानं चाखली, तर उन्हानं तिला कुबट वास धरला होता. ती उकिरड्यावर ओतावी लागली.

मी सांगत होते, असं सासूबाई एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. त्यांनी केरसुणी घेतली आणि काच गोळा केली. केरबाला ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"मामी," तो शेवटी म्हणाला, "जत्रेला तीन आठवडे आहेत. निम्मी बिअर रांजणात आहे. पण बाटल्या नाहीत."

"हायत की. गावात हायत."

"तुम्ही मागितल्या तर देतील लोक."

"देतील. पर पाळी माझी हाय का तुमची?"

केरबा उंबऱ्यावर बसला. गेलं नाही तर देवीची जत्रा कोरडी जाणार. गेलं तर ज्या वस्तूला भंगार म्हणून हिणवलं, तीच हात पसरून मागायची. पाटातल्या त्या तुकड्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि उठून टोपी डोक्यावर ठेवली.

पहिलं दार तांबटकाकांचं. काका ठोके थांबवून म्हणाले, "या जावईबुवा. आणखी भंगार आणलंत व्हय?"

"भंगार मी म्हणालो होतो, काका, ती माझी चूक झाली. नव्या बाटल्या फुटल्या. थोडक्यात चिमा वाचली. तुमच्याकडची एखादी मोकळी असली तर द्या."

काकांचा चेहरा बदलला. "पोरीला लागलं न्हाई ना?" त्यांनी आधी विचारलं. मग आत जाऊन तेल तपेलीत ओतलं आणि बाटली आणून दिली. "दुसरीत बी तेल हाय. ती मोकळी झाली की देतो."

मधवाल्या आत्यानं एक दिली आणि वर सुनावलं, "वाटताना लई ऐटीत आला हुतास." दोन वर्षांत पहिल्यांदाच गावातल्या कुणी केरबाला अरे-तुरे केलं. त्याला ते गोडच वाटलं. कुणी थट्टा केली, कुणी पेजेला बसवलं, एकानं मुकाट्यानं हातात बाटली ठेवली. दोन दिवसांत बाकीची तेवीस दारं फिरून झाली, तेव्हा टोपलीत बरोबर बारा बाटल्या जमल्या. बाकीच्यांत काही ना काही भरलेलं होतं.

मग सासूबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि एकेक बाटली पारखायला शिकवलं. "तोंडावरनं बोट फिरवा. टवका लागला तर ती बाद. उजेडाकडं धरा, चीर दिसती का बघा. ही तेलाची हाय, दोनदा राख लावून ऊन पाण्यानं काढा, न्हाईतर फेस मरतोय." केरबा गुमान करत गेला. काही बुचांखालच्या रबरी चकत्या कडक झाल्या होत्या, त्या त्यानं बदलल्या.

हात चालू असतानाच त्या म्हणाल्या, "तुम्हाला ह्या जुन्या गावच्या वाटत असतील. तुमच्या आजेसासऱ्यांनी घाटाखालनंच आणल्या हुत्या. पैल्या वर्षी लोकं नाकं मुरडत हुती. पर दर साल घरोघर जातात आन् परत येतात, म्हणून त्या गावच्या झाल्या."

केरबानं हातातली बाटली आणखी एकदा खळबळून घेतली.

बारा बाटल्या भरून त्यानं कड्या लावल्या आणि माच्याखाली अंधारात ठेवल्या. रोज सकाळी वाकून बघे. एकही फुटली नाही.

जत्रेच्या दिवशी गाव देवीपुढे जमलं. केरबानं कडी उचलली, बूच टप्पकन निघालं, आणि बिअर कपात पडताच वर दोन बोटं पांढरा फेस चढला. पाटलांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"केरबा, झ्याक जमलीय," ते म्हणाले.

केरबा हात जोडून उभा राहिला. "पण एक सांगायचं राहिलं. माझ्या हौसेपायी निम्मी वाया गेली. यंदा दोन घरांत मिळून एक बाटली आहे. गावानं समजून घ्यावं."

मधवाली आत्या तांबटकाकांना म्हणाली, "चला, तुमच्या वसरीवर बसू. कप मी आणते." त्या वर्षी कुणीच आपापल्या घरात एकटं बसून प्यायलं नाही. ओसऱ्यांवर सांज होईपर्यंत गप्पा रंगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं दार उघडलं. पायरीवर धुतलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. त्यानं वाटल्या होत्या बारा, पायरीवर होत्या चोवीस. काहींना अजून तेलाचा वास होता, काहींना मधाचा. तेल-मध दुसरीकडे काढून लोकांनी त्याही मोकळ्या करून आणल्या होत्या. एकही रिकामी नव्हती, प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर जव होते.

केरबानं पायरीवर बसून ते जव धोतराच्या ओच्यात ओतून घेतले. मग आत जाऊन सासूबाईंपुढे ओचा पसरला, आणि त्याला रडू आलं.

"आता रडताय कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माळ्यावरची बियाण्याची कणगी उघडा. केरबा, आता ती तुमच्या हातानं भरायची."

तात्पर्य: चमकते तिच्यापेक्षा सोसते ती बाटली निवडावी. आणि निवड चुकली, तर ज्या दारी तोरा मिरवला त्याच दारी नमतं घ्यावं. अशा हाताला गाव रिकामं परत पाठवत नाही.