ओढ्यातले मतदानाचे धोंडे

हिंगणदऱ्याच्या देवळामागून जी पायवाट खाली उतरते, ती थेट ओढ्यावर जाते. तिथे पाण्यात अर्धवट बुडालेली, वेड्यावाकड्या धोंड्यांची एक रांग दिसते. नवखे पाहुणे विचारतात, बंधारा आहे का? बंधारा नाही, पूल नाही, आणि कुणी नवसाला मांडलेले देवही नाहीत. मत देऊन आलेल्या माणसांनी ठेवलेले धोंडे आहेत ते. गेल्या मतदानानंतर एकच पावसाळा झालाय, म्हणून एवढे तरी शिल्लक आहेत.

ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे खालची वस्ती. आडनावं तीच, देवी तीच, सोयरीकही आपसातच. खासदार मात्र अलीकडचा वेगळा आणि पलीकडचा वेगळा. हे असं कशानं झालं, ते विचारलं की जुनी माणसं हैबतराव पाटलांचं नाव घेतात.

असं सांगतात की पहिल्या निवडणुका झाल्या तेव्हा ही हद्द नव्हती. दोन्हीकडची माणसं देवळाशेजारच्या शाळेत एकाच रांगेत उभी राहत. त्या वेळचे उमेदवार बैलगाडीने आले, ओढ्यावर नारळ फोडला आणि म्हणाले, पुढच्या खेपेला पुलावरून येईन. पुढच्या खेपेला ते पाण्यातूनच आले. तरी मतं त्यांनाच पडली, कारण हैबतरावांनी शब्द टाकला होता. हैबतरावांचं काम एक घाव दोन तुकडे, आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. तिसऱ्या खेपेला पूल खरोखरच मंजूर झाला म्हणे. मोजणीवाले येऊन दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून गेले. त्याच भरवशावर हैबतरावांनी आपली एकुलती लेक अनसूया पलीकडच्या वस्तीत दिली. घरात तिला अनशी म्हणत. लेक हाकेच्या अंतरावर दिली, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

मग ती जत्रा आली. देवीच्या पालखीचा पहिला खांदा पाटलांचा. वस्तीवाल्यांचं मागणं एवढंच, की पालखीनं एकदा ओढा उतरून आमच्याकडं घटकाभर टेकावं. हैबतरावांनी ते धुडकावलं. तेव्हा वस्तीच्या तरण्यांनी पालखी अडवली, ओढाताण झाली आणि पालखी ओढ्याकाठच्या चिखलात टेकली. पाटलांना तो चिखल आपल्याच तोंडावर आल्यासारखा वाटला.

त्यानंतर महिन्याभरात मतदारसंघांच्या नव्या हद्दींचा मसुदा कचेरीच्या भिंतीवर लागला. ओढा ही सीमा धरली होती. गाव एका मतदारसंघात, वस्ती दुसऱ्यात. हरकत असेल त्यानं मुदतीत लेखी द्यावी. वस्तीवाल्यांनी अर्ज लिहिला, सह्या-अंगठे जमवले आणि पहिली जागा पाटलांसाठी मोकळी ठेवली. कागद घेऊन आला तो त्यांचा जावईच, भागवत. सोबत अनशी होती.

"मामा, यवढी सही करा. न्हायतर पूल ऱ्हायला म्हणून समजा."

"पालखी चिखलात घालताना मामा आठवला न्हाय व्हय?"

"माझा त्यात हात नव्हता."

"वस्तीला निराळा खासदार मिळतोय, तर जावा तिकडं. आमचा तुमचा संबंध न्हाय."

अनशी चौकट धरून उभी होती. "आन् माझा, आबा?" एवढंच तिनं विचारलं.

हैबतरावांनी कागद भागवतच्या हातात परत दिला. पहिली जागा कोरीच राहिली; पाटलांच्या सहीवाचून तो कागद कचेरीत द्यायला कुणी धजावलं नाही आणि मुदत उलटली.

पुढं व्हायचं तेच झालं. अलीकडचे खासदार म्हणाले, अर्धा पूल माझ्या हद्दीबाहेर आहे. पलीकडचे म्हणाले, त्यांनी सुरुवात करावी, मग मी बघतो. पुलाच्या खुंट्यांना लोक गुरं बांधू लागले.

तिसऱ्या वर्षी श्रावणात अनशी बाळंतपणात अडली. दवाखान्याची जीप अलीकडच्या काठावर येऊन थांबली. पलीकडं चार माणसांनी तिला बाजल्यावर घालून पाण्यापाशी आणलं. ओढा दोन दिवस उतरला नाही. हैबतराव ते दोन दिवस काठावर उभे होते. बाजल्यावरचा हात हललेला त्यांना दिसायचा, पण पाण्याच्या आवाजात हाक काही पोचायची नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा दवाखान्यात न्यायला कुणी उरलं नव्हतं. बाळही गेलं.

तेरावं झाल्यावर ते ओढा उतरून जावयाच्या दारात गेले.

"त्यो कागुद हाय का रं?"

भागवतनं कागद आणून पुढं ठेवला. हैबतरावांनी मोकळ्या जागी सही केली आणि तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली. मग देवळात जाऊन वहाणा काढल्या आणि बोलले, की पूल होईस्तोवर पायात घालणार नाही, आणि दर मतदानाला मत देऊन आलो की एक धोंडा ओढ्यात ठेवीन. पहिल्या खेपेला ते एकटेच होते. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या खेपेला पलीकडून भागवत आला. तो सासऱ्याशी मरेपर्यंत बोलला नाही, पण धोंडा ठेवून गेला. मग हळूहळू सगळेच ठेवू लागले.

पुढं पुन्हा हद्दी बदलायच्या निघाल्या. हैबतराव थकले होते, तरी तो कागद घेऊन अनवाणी जिल्ह्याला गेले, आणि या वेळी मुदतीच्या आधी आठ दिवस गेले. कचेरीनं नक्कल ठेवून घेतली आणि कागद परत दिला. निकाल लागला, तेव्हा जुन्या मतदारसंघाचं नावच पुसलं गेलं होतं. गाव एका नव्या मतदारसंघात पडलं, वस्ती भलत्याच तिसऱ्यात. मधली रेघ मात्र ओढ्यावरच राहिली. एका उमेदवारानं तर धोंड्यांकडं बोट दाखवून सांगितलं म्हणे, बघा, पुलाचं काम सुरू झालं आहे! त्यावर टाळ्याही पडल्या. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

हैबतराव गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या वहाणा देवळात खुंटीला आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. दोन्ही काठांची रांग मधोमध कधीच भेटली नाही. चार हात उरले की पावसाळा येतो आणि मधले धोंडे घेऊन जातो. पूल होईल असं आता इथं कुणी मानत नाही.

तरी आजही मतदानाच्या दिवशी, बोटावरची शाई वाळली की अलीकडची माणसं अलीकडून आणि पलीकडची पलीकडून ओढ्यावर जमतात. गुरव देवळातल्या पेटीतून तो कागद काढतो आणि पाण्यावरून पलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं एकेक नाव वाचतो. पहिलं नाव हैबतरावांचं असतं. त्याखालची तारीखही तो वाचतो, मुदतीनंतर तीन वर्षांची. मग माणसं वाकून आपापला धोंडा उचलतात.